परीक्षेच्या नावाआधी अभ्यासक्रमातील क्रियापदे वाचा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअरविषयक पुरवणीत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील प्रमाणपत्रांच्या याद्या वरचेवर प्रसिद्ध होतात. त्या कापून ठेवणारे आणि त्यांवर खुणा करून माझ्याकडे घेऊन येणारे तरुण-तरुणी मला सतत भेटतात. सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्याच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. त्यांतील शेवटची बारा वर्षे नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेणे हाही माझ्या कामाचा भाग होता. निवृत्तीनंतरही प्रश्न तोच कानी येतो : "मी कोणते सर्टिफिकेट करू?" विचारणाऱ्याला काम कोणते करायचे आहे, याचा त्या प्रश्नात उल्लेख नसतो, आणि मी तसे विचारले की तो क्षणभर गप्प होतो, कारण यादीने त्याच्या हाती नावे दिलेली असतात, त्या नावांमागची कामे दिलेली नसतात. या याद्यांत जे लिहायचे राहून जाते, त्याविषयी हे पत्र आहे. ते थोडे लांबले आहे, परंतु यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे एकेक वर्ष आणि घरच्यांनी जमवलेला पैसा गुंतलेला असतो, म्हणून सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

सुरुवातीलाच एका शब्दाचा घोळ सोडवायला हवा. मराठीत आपण दोन अगदी भिन्न गोष्टींना ‘प्रमाणपत्र’ हे एकच नाव देतो. पहिली गोष्ट म्हणजे शिकवणी पूर्ण केल्याची नोंद : व्हिडिओ पाहिले, मधल्या चाचण्या सोडवल्या, शेवटचा धडा संपला आणि कागद मिळाला. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा निर्वाळा. ही परीक्षा केंद्रावर ओळखपत्र तपासून किंवा घरून दिल्यास कॅमेऱ्यासमोर, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली होते, आणि उमेदवार ते ज्ञान कोणत्या वर्गात शिकला की स्वतःच शिकला, याच्याशी तिला सहसा कर्तव्य नसते. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांनी कसे वागावे यासाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे, इतका हा दुसरा प्रकार निराळा मानला जातो. आपल्या भाषेत पहिल्यासाठी ‘दाखला’ हा चांगला शब्द आहे. या पत्रात तरी मी शिकवणीच्या कागदाला दाखला आणि परीक्षेच्या कागदाला प्रमाणपत्र म्हणेन.

दाखला कमी दर्जाचा, असे मला मुळीच सुचवायचे नाही. गूगलने जानेवारी २०१८ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर सुरू केलेला आयटी सपोर्टचा अभ्यासक्रम असाच दाखला देतो, आणि संगणकाशी कधी फारसा संबंध न आलेल्या माणसाला या क्षेत्राची पहिली ओळख करून देण्यासाठी तो चांगला आहे. अडचण येते ती मुलाखतीत. उमेदवार दाखल्याला परीक्षेचे वजन आहे असे समजून येतो, समोरचा तसे समजत नाही, आणि झालेल्या अपेक्षाभंगाचे कारण त्या मुलाला कळतही नाही. शिकवणी लावताना "शेवटी परीक्षा कोण घेणार, आणि ती शिकवणाऱ्या संस्थेच्या बाहेरची आहे का?" एवढे एक विचारले तरी ही चूक टळेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. प्रत्येक मान्यताप्राप्त परीक्षेचा विषयतक्ता ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असतो. तो काही पानांचा, रुक्ष दिसणारा कागद असतो, त्याची जाहिरात कोणी करत नाही, आणि माझ्या अनुभवात दहांपैकी नऊ उमेदवारांनी तो परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी उघडलेला नसतो. माझ्या मते प्रमाणपत्र निवडण्याचे सर्वांत प्रामाणिक साधन हेच आहे, आणि तो वाचण्याची माझी एक साधी पद्धत आहे : प्रत्येक ओळीतील नामाकडे न पाहता आधी क्रियापदाकडे पाहावे.

नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्कच्या कामाची परीक्षा घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने आपली सारी रचना बदलली, सीसीएनएच्या राउटिंग (माहितीला एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट दाखवणे), सुरक्षा, वायरलेस अशा वेगवेगळ्या शाखा बंद करून २००-३०१ ही १२० मिनिटांची एकच परीक्षा ठेवली. तिच्या तक्त्यात नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच (एका नेटवर्कातील संगणक जोडणारे यंत्र) आणि व्हीलॅन (स्विचांवर पाडलेली वेगवेगळी आभासी नेटवर्के) यांचा भाग २० टक्के, आयपी (संगणकांच्या अंकी पत्त्यांची पद्धत) जोडणी २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वे १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के, अशी वाटणी आहे. येथवर पुष्कळजण वाचतात. खरी माहिती त्याच्या पुढे आहे. काही ओळी ‘स्पष्ट करा’ किंवा ‘वर्णन करा’ या क्रियापदाने सुरू होतात, राउटिंग टेबलाविषयीची ओळ ‘अर्थ लावा’ असे म्हणते, आणि आयपीव्ही४ पत्ते व सबनेट (पत्त्यांचे पाडलेले गट), अनेक स्विचवर पसरलेले व्हीलॅन, एका क्षेत्रातील ओएसपीएफ (नेटवर्के जोडणाऱ्या राउटर यंत्रांनी आपसांत वाटा ठरवण्याची पद्धत) या ओळी ‘कॉन्फिगर करा आणि पडताळून पाहा’ अशा आहेत; कॉन्फिगर करणे म्हणजे यंत्रावर हवी ती जुळवणी लावणे. ‘वर्णन करा’ म्हटलेली गोष्ट वाचून येते. ‘अर्थ लावा’ म्हटलेल्या गोष्टीसाठी दहावीस खरे नमुने समोर ठेवून डोकेफोड करावी लागते. ‘कॉन्फिगर करा आणि पडताळून पाहा’ म्हटलेली गोष्ट मात्र ती केल्याशिवाय, बिघडवल्याशिवाय आणि पुन्हा नीट केल्याशिवाय येत नाही, आणि त्यातील ‘पडताळून पाहा’ हा उत्तरार्ध तर नोकरीतले निम्मे काम आहे.

हे मी का सांगते, ते एका मुलाखतीच्या आठवणीवरून स्पष्ट होईल. एका उमेदवाराच्या अर्जासोबत सात कागद होते, त्यांत सीसीएनएही होते. मी फळ्यावर दोन पत्ते लिहिले, १९२.१६८.१.७० आणि १९२.१६८.१.१३०, दोन्हींचा मास्क (पत्त्यांचा गट केवढा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२, आणि विचारले की हे दोन संगणक एकाच स्विचला लावले तर राउटरशिवाय एकमेकांशी बोलतील का. त्या मास्कने ६४-६४ पत्त्यांचे गट पडतात, ७० हा ६४ ते १२७ च्या गटात येतो आणि १३० हा १२८ ते १९१ च्या, त्यामुळे ही दोन वेगळी नेटवर्के आहेत आणि मध्ये राउटर लागेल, एवढेच उत्तर होते. त्या मुलाला सबनेटची व्याख्या शब्दशः पाठ होती. फळ्यावरचे दोन पत्ते मात्र त्याला परके वाटले. तो आळशी नव्हता, उलट दोन वर्षे तो अभ्यासच करत होता. त्याने सात परीक्षांच्या व्याख्या पाठ केल्या आणि त्यांपैकी एकीचीही क्रियापदे केली नाहीत, हे त्याला कोणी वेळेवर सांगितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच आठवड्यात आलेल्या एका मुलीकडे एकच प्रमाणपत्र होते आणि सोबत एक वही होती. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीतर्फे विनामूल्य मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सरावाच्या सॉफ्टवेअरवर तिने लहान-लहान नेटवर्के उभारली होती, आणि प्रत्येक वेळी काय बिघडले, आपल्याला आधी काय वाटले, प्रत्यक्षात कारण काय निघाले, हे तारखेनिशी लिहिले होते. एका पानावर तिने ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅनची माहिती एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅनला परवानगी द्यायची राहिल्यामुळे गेलेल्या एका संपूर्ण संध्याकाळची हकिगत लिहिली होती. मी तिला त्या पानाबद्दलच वीस मिनिटे विचारत राहिले, आणि दुसरे काही विचारण्याची मला गरज उरली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की परीक्षेच्या तयारीबरोबर अशी चुकांची वही ठेवा.

क्रियापदांची हीच कसोटी क्लाउडच्या (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या व सेवांच्या) परीक्षांना लावली की पुष्कळ धुके दूर होते. मायक्रोसॉफ्टच्या एझेड-९०० या प्राथमिक परीक्षेच्या तक्त्यात तीन मोठे भाग आहेत, आणि क्लाउडच्या संकल्पना, अॅझ्युरची (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची) रचना व सेवा, अॅझ्युरचे व्यवस्थापन व नियमन या तिन्हींच्या शीर्षकाचे क्रियापद ‘वर्णन करा’ हेच आहे. त्याच कंपनीच्या एझेड-१०४ या व्यवस्थापकांसाठीच्या परीक्षेची शीर्षके ‘राबवा’, ‘उभारा’, ‘व्यवस्थापित करा’, ‘देखरेख ठेवा’ अशी आहेत. अॅमेझॉनच्या क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षेची मार्गदर्शिका याहूनही स्पष्ट बोलते : कोड लिहिणे, रचना आखणे, बिघाड शोधणे आणि प्रत्यक्ष उभारणी करणे ही कामे या परीक्षेच्या कक्षेबाहेर आहेत, असे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे ९० मिनिटांत ६५ प्रश्नांची ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला क्लाउडची भाषा कळते, एवढाच त्या परीक्षेचा दावा आहे. विक्री, लेखा किंवा प्रकल्प समन्वय करणाऱ्यांना ते पुरेसे असते. ज्याला क्लाउडवरील यंत्रणा चालवण्याचे काम हवे आहे, त्याने अशा प्राथमिक परीक्षेला पहिली पायरी म्हणून जरूर घ्यावे, पण तिच्यावर थांबून नोकरीचे अर्ज सुरू करू नयेत, आणि एकाच पातळीच्या तीन कंपन्यांच्या तीन प्राथमिक परीक्षा देण्यात तर वर्ष घालवूच नये. हे मी फार पाहिले आहे. तिन्ही कागदांवर तीच माहिती वेगळ्या नावांनी असते.

याच्या दुसऱ्या टोकाला करून दाखवण्याच्या परीक्षा आहेत, आणि माझा कल उघडपणे त्यांच्याकडे आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायी उत्तरांचा एकही प्रश्न नसतो. समोर लिनक्सची चालती यंत्रणा दिली जाते, इंटरनेट नसते, आणि वापरकर्ते निर्माण करणे, डिस्कचे भाग पाडून ते जोडणे, सेवा सुरू करणे, परवानग्या लावणे अशी कामे करून ठेवायची असतात. त्यातील एक अट मला विशेष महत्त्वाची वाटते : केलेले सर्व बदल यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकले पाहिजेत. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला या अटीमागचे कारण ठाऊक आहे. दुपारी हाताने चालू केलेली सेवा रात्री यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर उठत नाही, आणि पहाटे फोन येतो. अनेक यंत्रांवर सॉफ्टवेअर चालवून सांभाळणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीची सीकेए ही परीक्षाही अशीच दोन तासांची प्रत्यक्ष कामाची असते, आणि तीत अधिकृत दस्तऐवज उघडून पाहण्याची मुभा असते, कारण खऱ्या कामातही माणूस दस्तऐवज पाहूनच काम करतो. या परीक्षा अवघड आहेत, अनुत्तीर्ण होणारे पुष्कळ असतात, पण त्यांची तयारी करताना हात बसतो, आणि अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवारालाही तयारीच्या काळात शिकलेले काम येत असते.

तांत्रिक मदत-कक्षापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी कॉम्पटिया या संस्थेची ए प्लस ही परीक्षा १९९३ पासून आहे. तिचे दोन स्वतंत्र पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटांचा आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांचा, आणि त्यांत काही प्रश्न पडद्यावर प्रत्यक्ष कृती करून सोडवायचे असतात. संगणक उघडून जोडणे, प्रिंटर, मोबाइल साधने, विंडोजमधील बिघाड, ग्राहकाशी बोलण्याची रीत, असा तिचा पसारा आहे. ज्याने कोणत्याही स्वरूपात वर्षभर हे काम केले आहे, त्याने तिच्यावर पैसे खर्च न करता थेट नेटवर्क किंवा लिनक्सकडे वळावे, असे माझे मत आहे. ज्याची पाटी अगदी कोरी आहे, त्याच्यासाठी ती योग्य आहे. सॉफ्टवेअर चाचणीकडे वळणाऱ्यांनी आयएसटीक्यूबी या संस्थेची फाउंडेशन परीक्षा पाहावी. तिच्या विनामूल्य मिळणाऱ्या अभ्यासक्रमात प्रत्येक उद्दिष्टासमोर के-१, के-२ किंवा के-३ असे लिहिलेले असते, म्हणजे ही गोष्ट केवळ लक्षात ठेवायची आहे, समजून घ्यायची आहे की वापरून दाखवायची आहे, हे आधीच सांगितलेले असते. सर्वच संस्थांनी असे करावे असे मला वाटते. प्रश्न ४०, वेळ एक तास आणि परीक्षेची भाषा मातृभाषा नसणाऱ्यांना १५ मिनिटे अधिक, ही सवलत अनेकांना माहीत नसते. प्रोग्रॅमर होऊ इच्छिणाऱ्यांना मात्र मी प्रमाणपत्र सुचवतच नाही. त्यांचा स्वतः लिहिलेला, दुसऱ्याला वाचता येईल असा कोड हेच त्यांचे प्रशस्तिपत्रक असते.

सायबर सुरक्षेविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण सध्या सर्वाधिक दिशाभूल या दालनात होते. आयएससी२ या संस्थेचे सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र १९९४ पासून आहे आणि त्याला मान आहे, म्हणून ते नव्या मुलांच्या यादीत सर्वांत वर छापले जाते. परंतु ते मिळण्यासाठी सुरक्षेच्या आठ क्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संबंधित विषयातील पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असल्यास त्यातील एकच वर्ष माफ होते. केवळ परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला ‘असोसिएट’ म्हणतात आणि अनुभव मिळवण्यासाठी सहा वर्षांची मुदत देतात. माहिती यंत्रणांच्या लेखापरीक्षणाच्या सीआयएसएलाही पाच वर्षांच्या अनुभवाची अट आहे, प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपीला चार वर्षांची पदवी असली तरी ३६ महिने प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा अनुभव लागतो. मला भेटलेल्या एका मुलाला एका शिकवणी संस्थेने ए प्लसपासून सीआयएसएसपीपर्यंतचा एकत्रित अभ्यासक्रम विकला होता, आणि अनुभवाच्या अटीचा उल्लेख त्याच्या माहितीपत्रकात कोठेही नव्हता. वडिलांनी कर्ज काढले होते. त्याने मला ते माहितीपत्रक दाखवले तेव्हा त्याला धीर देण्यापलीकडे मी फारसे काही करू शकले नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे ठरले ते त्या दिवशी.

सुरक्षेत सुरुवात करणाऱ्यासाठी कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस किंवा आयएससी२ने २०२२ मध्ये आणलेली प्रवेश पातळीची सीसी ही परीक्षा आहे. सिक्युरिटी प्लसला पूर्वअट नाही, मात्र आधी त्याच संस्थेच्या नेटवर्क प्लस परीक्षेची पातळी आणि दोन वर्षांचे काम असावे अशी कॉम्पटियाची शिफारस आहे, आणि ही शिफारस गंभीरपणे घ्यावी. पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) कोठून कोठे जाते हे ज्याला कळत नाही, त्याला त्यातील संशयास्पद पॅकेट कसे ओळखता येणार? परवानगीने हल्ला करून यंत्रणेतील उणिवा दाखवण्याच्या कामाचे आकर्षण असलेल्यांनी ओएससीपी या परीक्षेचे स्वरूप एकदा वाचावे : २३ तास ४५ मिनिटांची प्रत्यक्ष परीक्षा आणि त्यानंतर अहवाल लिहून पाठवण्यासाठी आणखी २४ तास. अहवालाशिवाय गुण नाहीत. लिहिता येणे हा या कामाचा केवढा मोठा भाग आहे, हे त्यावरून कळते.

मुदतीचा विषय थोडक्यात सांगते. ए प्लस पूर्वी आजन्म वैध असे. १ जानेवारी २०११ पासून ते तीन वर्षांचे झाले. सीसीएनए, आरएचसीएसए आणि अॅमेझॉनची प्रमाणपत्रे तीन वर्षे टिकतात, मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट पातळीची एक वर्ष, पण त्यांचे नूतनीकरण घरबसल्या आणि विनाशुल्क होते. एझेड-९०० आणि आयएसटीक्यूबी फाउंडेशनला मुदत नाही. नोकरी मिळण्याच्या आधीच कागद संपेल इतक्या लवकर परीक्षा देऊ नये, एवढाच याचा व्यावहारिक अर्थ. शिवाय परीक्षांच्या आवृत्त्या बदलतात. कोणाचे जुने पुस्तक हाती आले, तर त्याच्या मुखपृष्ठावरील परीक्षेचा क्रमांक चालू आहे का, हे आधी पाहावे. २००-१२५ असे लिहिलेली सीसीएनएची पुस्तके फेब्रुवारी २०२० पासून त्या परीक्षेपुरती निरुपयोगी आहेत.

नावांचेही तसेच. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क प्रणालीचे सीएनई हे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी समजली जाई; मग मायक्रोसॉफ्टचे विंडोज एनटी आले आणि त्या कंपनीच्या एमसीएसई प्रमाणपत्राचे दिवस सुरू झाले. केवळ कागद असलेल्यांना ‘पेपर सीएनई’ आणि पुढे ‘पेपर एमसीएसई’ म्हणण्याची प्रथा त्या काळातली. एमसीएसईही ३१ जानेवारी २०२१ रोजी निवृत्त झाले. मी कामाला लागले तेव्हा शिकलेल्या कमांडपैकी आज एकही उपयोगाची नाही, परंतु केबल तपासण्यापासून एकेक थर वर चढत बिघाड शोधण्याची तेव्हा लागलेली सवय मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत पुरली. म्हणून तक्त्यात अशा टिकाऊ गोष्टी किती आणि एखाद्या कंपनीच्या पडद्यावरील बटणांची नावे किती, हेही निवड करताना पाहावे.

परीक्षेतील चोरलेले प्रश्न विकणारे ‘डम्प’ सर्वत्र मिळतात, आणि ते वापरणे हा सर्वांनी मान्य केलेला मार्ग आहे असे नव्या मुलांना सांगितले जाते. तसे नाही. प्रत्येक परीक्षेपूर्वी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. तो मोडल्यास संस्था प्रमाणपत्र रद्द करू शकते आणि पुढील परीक्षांना बंदी घालू शकते. पण यापेक्षा मोठे नुकसान मला वेगळे वाटते. डम्प पाठ करणारा मुलगा पहिल्याच नोकरीत असा अडकतो की त्याला प्रश्न विचारण्याचीही लाज वाटू लागते, कारण कागदाप्रमाणे त्याला ते येत असायला हवे. मदत मागण्याचा नवशिक्याचा हक्कच तो गमावून बसतो. अशी दोन मुले माझ्या हाताखाली होती. दोघेही हुशार होते आणि दोघांनीही वर्षभरात काम सोडले.

जाहिरातींत प्रमाणपत्रे का मागितली जातात, हेही तरुणांना कोणी समजावून सांगत नाही. काही कंपन्या मायक्रोसॉफ्ट, सिस्को किंवा अॅमेझॉनच्या भागीदार असतात, आणि त्या भागीदारीच्या पातळीसाठी त्यांच्याकडे ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी असावे लागतात. तेथे प्रमाणपत्राला खरोखर किंमत असते, आणि नोकरी लागल्यावर परीक्षेचे शुल्क बहुधा कंपनीच भरते. सिक्युरिटी प्लसचे नाव इतके सर्वदूर होण्यामागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या माहिती सुरक्षा कर्मचाऱ्यांना मान्यताप्राप्त प्रमाणपत्रे सक्तीची केली, हे मोठे कारण आहे. अन्य ठिकाणी आलेल्या शेकडो अर्जांतून थोडे निवडण्यासाठी चाळणी म्हणून ते वापरले जाते. यातील कोणते कारण आपल्याला लागू पडते हे शोधण्याचा मार्ग सोपा आहे : ज्या पहिल्या पदावर काम करायचे आहे, त्याच पदाच्या तीस-चाळीस जाहिराती जमवाव्यात आणि कोणते नाव किती वेळा आले, हे कागदावर मोजावे. वरिष्ठ पदांच्या जाहिराती त्यात मिसळू नयेत. दोन संध्याकाळींचे काम आहे, आणि माझ्याकडे आलेल्या ज्यांनी ते केले, त्यांतील बहुतेकांच्या यादीतून निम्मी नावे आपोआप गळून गेली.

शिकवणीच्या खर्चाबद्दलही स्पष्ट लिहिते. सीसीएनए, ए प्लस किंवा अॅमेझॉनच्या परीक्षांना बसण्यासाठी कोणताही क्लास लावण्याची सक्ती नाही. सुरक्षेच्या सीईएचसारख्या काही परीक्षांना अधिकृत प्रशिक्षण किंवा दोन वर्षांचा अनुभव लागतो, ते अपवाद आहेत. मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावरील पाठ विनामूल्य आहेत, व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरवर एकाच संगणकात दोन-तीन लिनक्स यंत्रे चालवता येतात. शिस्त लागावी म्हणून कोणी क्लास लावला तर त्यात गैर काही नाही; परंतु क्लासशिवाय परीक्षा देताच येत नाही असे जर कोणी सांगितले, तर अधिकृत संकेतस्थळावर जाऊन ते तपासावे आणि तसे नसल्यास त्या क्लासच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत.

आपल्या पुरवणीकडे माझी एक नेमकी विनंती आहे. यापुढे कोणत्याही प्रमाणपत्राचे नाव छापताना त्याशेजारी चार गोष्टी द्याव्यात : तो दाखला आहे की देखरेखीखालील परीक्षेचे प्रमाणपत्र, अनुभवाची अट आहे का आणि किती वर्षांची, मुदत किती, आणि अधिकृत विषयतक्ता कोठे मिळेल. जागा असेल तर त्या तक्त्यातील तीन ओळी त्यांच्या क्रियापदांसह छापाव्यात, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्याला काय करून दाखवावे लागणार आहे, हे तेथेच दिसेल. जी माहिती अधिकृत संकेतस्थळावर पडताळता आली नाही, ती छापू नये. हे काम किचकट आहे आणि संपादकीय विभागावर त्याचा भार पडेल याची मला कल्पना आहे. पुढील पुरवणीपासून असा तक्ता सुरू करण्याचे आपण ठरवल्यास, त्यातील प्रत्येक नोंद तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. आपल्या कार्यालयाकडून यादी आली की चार दिवसांत ती परत पाठवीन.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नेटवर्क व्यवस्थापक